नकाशा पडद्यावर, कसोटी जमिनीवर

भौगोलिक माहिती प्रणालीचे व्यवहारातील उपयोग : मिहान आणि नागपूरच्या संदर्भात

नागपूरहून वर्धा मार्गाने दक्षिणेकडे निघाले, की चिंचभुवन मागे पडताच मिहान प्रकल्पाचे रुंद रस्ते दिसू लागतात. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती, विमानांच्या देखभाल-दुरुस्तीचे केंद्र, एम्स रुग्णालय, भारतीय व्यवस्थापन संस्था असा आज या परिसराचा चेहरा आहे. शतकाच्या आरंभी मात्र पटवाऱ्याच्या दप्तरात ही जमीन शिवणगाव, तेल्हारा, दहेगाव, कलकुही, खापरी अशा मौजांच्या नावांनी आणि खसरा क्रमांकांनी ओळखली जात होती. जमीन तीच आहे, तिचे नकाशे मात्र अनेक आहेत. महसूल खात्याच्या नकाशात शेताची हद्द असते, नियोजनकाराच्या नकाशात भूखंड, विमानतळाच्या नकाशात इमारतींच्या उंचीची मर्यादा आणि भूजल सर्वेक्षकाच्या नकाशात नाले व विहिरी. हे सारे नकाशे एकावर एक ठेवून त्यांच्याकडून एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्याची पद्धत म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली, अर्थात जीआयएस.

ही प्रणाली वापरणारे अभियंते, वनाधिकारी, खाणतज्ज्ञ आणि नगररचनाकार वापरकर्ता परिषदांमध्ये एकत्र येतात आणि आपापली कामे मांडतात. तेथे रंगीत नकाशांची वाण नसते. नकाशाने कोणता निर्णय बदलला आणि तो जमिनीवर खरा ठरला का, हा प्रश्न मात्र प्रत्येक सादरीकरणाला लागू होतो. या प्रश्नाचे महत्त्व समजून घ्यायला मिहान आणि नागपूर यांच्याइतके सोयीचे उदाहरण राज्यात क्वचितच सापडेल.

कल्पना जुनी, साधन नवे

ठिकाणाशी माहिती जोडून पाहण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलराची साथ आली असता डॉ. जॉन स्नो यांनी मृत्यूंच्या नोंदी नकाशावर मांडल्या. त्या ब्रॉड स्ट्रीटवरील एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या आणि रोग दूषित पाण्यातून पसरतो, या त्यांच्या मताला बळ मिळाले. संगणकावर हे काम आणण्याचे श्रेय रॉजर टॉमलिन्सन यांना दिले जाते. १९६० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने कॅनडात देशाच्या जमीन वापराची नोंद ठेवणारी पहिली मोठी प्रणाली उभी राहिली.

वापरकर्ता परिषदांची प्रथा त्यानंतरची. जॅक आणि लॉरा डेंजरमंड यांनी १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील रेडलँड्स येथे स्थापन केलेल्या एस्री या कंपनीने १९८१ मध्ये आपल्या वापरकर्त्यांची पहिली परिषद भरवली. तेव्हा आलेल्यांची संख्या विशीच्या आत होती. पुढे सॅन दिएगो येथे भरणाऱ्या याच परिषदेस हजारोंची उपस्थिती लागू लागली. नागपूरकरांनाही अशा मेळाव्यांची ओळख आहे. भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे २००९ मधील राष्ट्रीय चर्चासत्र नागपुरात झाले आणि त्यात कोरडवाहू शेतीवर विशेष भर होता.

मिहान : एका जमिनीचे अनेक थर

महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची स्थापना २००२ मध्ये झाली आणि तिच्याकडे मिहानची धुरा आली. चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रावरील अशा प्रकल्पात प्रत्येक भूखंडाविषयी एकाच वेळी अनेक प्रश्न विचारावे लागतात. भूखंड कोणत्या खसऱ्यांतून तयार झाला? तेथून नैसर्गिक नाला वाहतो का? जलवाहिनी आणि वीज उपकेंद्र किती अंतरावर आहे? आणि तेथे इमारत किती उंच बांधता येईल?

शेवटचा प्रश्न विमानतळालगत कळीचा ठरतो. विमानांच्या सुरक्षिततेसाठी इमारतींच्या उंचीवर निर्बंध घालणारे नियम केंद्र सरकारने २०१५ मध्ये जारी केले. त्यांच्या अंमलबजावणीसाठी विमानतळांभोवतीच्या परिसराचे रंगसंकेत असलेले नकाशे वापरले जातात. धावपट्टीपासूनचे अंतर, विमानांच्या उतरण्या-चढण्याचा मार्ग आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची या तिन्हींचा मेळ घालून प्रत्येक चौकोनाची मर्यादा ठरते. दोन भूखंड शेजारी असूनही एकावर जास्त मजले चढतात आणि दुसऱ्यावर कमी, त्यामागे हे गणित असते. कागदावर दिवसन् दिवस चालणारे हे काम प्रणालीत थर जुळवल्यावर काही क्षणांत होते.

मिहानच्या जमिनीचा आणखी एक थर आहे. ज्यांची शेते गेली, त्यांच्या मोबदल्याचा आणि पुनर्वसनाचा प्रश्न अनेक वर्षे गाजत राहिला. संपादनाच्या नकाशावर आखलेली रेषा कोणाच्या विहिरीच्या अलीकडून जाते आणि कोणाच्या पलीकडून, यावर एका कुटुंबाचा हिशेब ठरत असतो. नियोजनकाराच्या पडद्यावर ती रेषा केसाएवढी बारीक असली, तरी शेतकऱ्याच्या लेखी तिची रुंदी फार मोठी असते.

थर जुळत नाहीत तेव्हा

नवख्या वापरकर्त्याची पहिली गल्लत येथेच होते. दोन नकाशे एकाच गावाचे असले, तरी संगणकावर ठेवताच ते एकमेकांवर चपखल बसतील, असे नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे १९ व्या शतकात एव्हरेस्ट यांनी निश्चित केलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले आहेत, तर जीपीएस यंत्रे डब्ल्यूजीएस-८४ हा जागतिक मापदंड वापरतात. योग्य रूपांतर न करता दोन्ही एकत्र केले, तर नागपूर परिसरात एकच ठिकाण शंभर मीटरहून अधिक सरकलेले दिसते. एवढ्या अंतरात आख्खे शेत बदलते.

गावनकाशांची अडचण त्याहून गुंतागुंतीची आहे. ते शंकूसाखळी आणि प्लेन टेबलाच्या साह्याने गावागावांतून स्वतंत्रपणे तयार झाले. त्यामुळे दोन शेजारी गावांचे नकाशे जोडताना शिवेवर कोठे फट राहते, तर कोठे एका गावाची हद्द दुसऱ्यावर चढते. शिवाय कापडावरचा वा कागदावरचा नकाशा वर्षानुवर्षांत आकसतो, फाटतो. तो स्कॅन करून संगणकात घेतला, म्हणून त्याची चूक दुरुस्त होत नाही, उलट ती अधिक अधिकृत वाटू लागते. म्हणूनच जमिनीवर जाऊन खांब, बांध, विहीर अशा कायम खुणांचे अक्षांश-रेखांश घेणे आणि त्यांच्याशी नकाशा जुळवणे, हा या कामाचा अटळ भाग ठरतो. अचूक मोजणीसाठी राज्यात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या साह्याने ७७ कायमस्वरूपी संदर्भ स्थानकांचे जाळे उभारण्यात आले असून त्यांच्या आधारे रोव्हर यंत्राने मोजणी करता येते.

मोजणीची परंपरा असलेले शहर

जमीन मोजण्याशी विदर्भाचे नाते दोनशे वर्षांचे आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ करणारे विल्यम लॅम्बटन यांचे १८२३ च्या जानेवारीत नागपूरकडे येत असताना हिंगणघाट येथे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच आहे. नागपूरच्या शून्य मैल परिसरात या सर्वेक्षणाचा १९०७ चा मानक दगड अजूनही उभा आहे.

पुढील काळात शहरात या विषयाशी निगडित संस्थांची मांदियाळी जमली. अमरावती मार्गावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो आणि इस्रोच्या अखत्यारीतील प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र आहे. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, म्हणजेच एमआरसॅक, राज्य शासनाच्या विविध खात्यांसाठी काम करते. भारतीय खाण ब्युरो आणि वेस्टर्न कोलफिल्ड्स यांची मुख्यालयेही येथेच. त्यामुळे माती, पाणी, खाणी आणि जंगल या चारही विषयांचे नकाशे एकाच शहरात तयार होतात.

चार उपयोग, चार धडे

*खाणी.* भारतीय खाण ब्युरोच्या सहभागाने केंद्रीय खाण मंत्रालयाने २०१६ मध्ये खाण निगराणी प्रणाली सुरू केली. खाणपट्ट्यांच्या हद्दी उपग्रह चित्रांवर बसवायच्या आणि हद्दीबाहेर ५०० मीटरपर्यंत जमिनीत असाधारण बदल दिसला, की संगणकाने इशारा द्यायचा, अशी ही रचना आहे. इशारा आल्यावर अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करणे अपेक्षित असते. संगणक संशय घेतो, निवाडा माणूस करतो, हे त्यातील तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे.

*पाणी.* नागपूरच्या पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण आहे आणि पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना खडक. एकाच जिल्ह्यात पाणी मुरण्याची रीत त्यामुळे बदलते. खडक, उतार, मातीची खोली आणि नाल्यांचे जाळे हे थर एकत्र पाहिल्यास बंधाऱ्याची जागा निवडणे सोपे होते. डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या जलयुक्त शिवार अभियानात कामांची छायाचित्रे अक्षांश-रेखांशांसह नोंदवण्यासाठी एमआरसॅकचे मोबाइल ॲप वापरले गेले. तरीही २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात महालेखापरीक्षकांनी, ९ हजार ६३३ कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी उंचावण्यात योजनेचा परिणाम अल्प राहिल्याचे नमूद केले. नकाशावरील ठिपका काम झाल्याचे सांगतो, पाणी मुरल्याचे नाही. त्यासाठी विहिरींच्या पातळीचा थर वर्षानुवर्षे जोडत राहावे लागते.

*शेती.* १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र स्थानासह नोंदवतो. पूर्वी पटवाऱ्याच्या फेरीवर अवलंबून असलेली सातबारावरील पिकाची नोंद आता शेतात उभे राहून होते. पीक विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने खरेदी यांच्यासाठी ही नोंद मोलाची आहे. मात्र ज्या शिवारात मोबाइलला रेंज नाही, तेथे अडचण तंत्रज्ञानाची न राहता हक्काची होते.

*वन्यजीव.* नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ पेंच आणि कान्हा यांना जोडणाऱ्या वाघांच्या मार्गातून जातो. या महामार्गाच्या महाराष्ट्रातील टप्प्यात प्राण्यांसाठी भुयारी वाटा बांधण्यात आल्या. २०१९ मध्ये तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांनी वाघासह १८ जातींचे वन्य प्राणी टिपले. वाटा बांधून झाल्यावर त्या कोण वापरतो, हेही तपासले गेले, हे या उदाहरणाचे वैशिष्ट्य.

उपग्रहाची साक्ष किती मानावी?

या प्रणालीच्या मर्यादेचा सर्वांत बोलका दाखला वनहक्क कायद्यात मिळतो. २००६ च्या या कायद्यानुसार वैयक्तिक दाव्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट दाखवावी लागते. त्या काळातील उपग्रह चित्रात शेत दिसत नाही, म्हणून दावा फेटाळायचा का, असा वाद देशभर उभा राहिला. तेव्हाच्या एका भारतीय संवेदकाच्या चित्रातील सर्वांत लहान चौकोनाची बाजू २३.५ मीटर होती, म्हणजे साधारण साडेपाच आर जमीन एका ठिपक्यात सामावत असे. मोहाच्या झाडांखालची धानाची लहान बांधी अशा चित्रात जंगलच भासणार. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनी हा मुद्दा स्पष्ट केला. उपग्रह चित्रे अन्य पुराव्यांना पूरक ठरू शकतात, त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. गावातील वडीलधाऱ्यांची साक्ष आणि ग्रामसभेचा ठराव यांचे स्थान कायम राहिले. २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, त्यामागेही आपल्या जंगलाची वीण ठाऊक असलेल्या ग्रामसभेचे बळ होते.

परिषदेत काय मांडावे?

या साऱ्या अनुभवांतून चांगल्या सादरीकरणाची कसोटी आपोआप तयार होते. आरंभी प्रश्न सांगावा, सॉफ्टवेअरचे नाव नंतर. माहिती कोणत्या वर्षाची, कोणत्या प्रमाणातील आणि कोणाकडून घेतलेली, हे लपवू नये. १:२,५०,००० प्रमाणाचा मृदा नकाशा जिल्ह्याच्या नियोजनाला उपयोगी असतो, त्यावरून एका शेताला सल्ला देणे अयोग्य. किती ठिकाणी प्रत्यक्ष जाऊन पडताळणी केली आणि त्यांपैकी किती ठिकाणी नकाशा चुकला, हा आकडा सभेपुढे ठेवावा. आपली चूक सांगणारा वक्ता ऐकणाऱ्यांचे वर्षभराचे श्रम वाचवतो. अखेरीस निर्णय काय झाला आणि त्याची झळ वा लाभ कोणाला पोचला, हे सांगितल्याखेरीज मांडणी पुरी होत नाही.

नागरिकांच्या हाती

एके काळी नकाशे ही सरकारी तिजोरीतील वस्तू होती. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ मध्ये खुले झाले. फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय कंपन्या व संस्थांवरील नकाशे तयार करण्याची अनेक बंधने उठवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण आले. राज्याच्या महाभूनकाशा या संकेतस्थळावर गट वा खसरा क्रमांक टाकून आपल्या जमिनीचा नकाशा घरबसल्या पाहता येतो. मिहानच्या आसपास भूखंड घेऊ इच्छिणाऱ्याने तो अवश्य पाहावा. मात्र संकेतस्थळावरील नकाशा माहितीपुरता असतो. हद्दीचा वाद असेल, तर भूमी अभिलेख विभागाकडून रीतसर मोजणी करून 'क' प्रत घेणे हाच खात्रीचा मार्ग.

लॅम्बटन यांच्या पथकाने अवजड यंत्रे आणि साखळ्या घेऊन डोंगर-दऱ्या पायी तुडवल्या. आज तेच काम उपग्रह आणि ड्रोन करतात. बांधावर उभे राहून 'ही खूण खरी का?' असे शेजारच्या शेतकऱ्याला विचारण्याचे काम मात्र अजून माणसालाच करावे लागते.