बोटांनी पाहायची चित्रे



माझी पुतणी जन्मांध आहे. ती चार वर्षांची झाली तेव्हा मी हौसेने तिच्यासाठी कापडी पुस्तक शिवले. पहिल्याच पानावर जाड दोऱ्याने हत्ती काढला. तिने त्यावरून दोनदा बोट फिरवले आणि विचारले, "काकू, ही वाट कुठे जाते?"

मी वरमले. पुढे वाचनात आले की, अशी चूक माझ्याआधी थोरामोठ्यांनीही केली होती.

पॅरिसमध्ये 1785 च्या सुमारास व्हॅलेंटाईन हाऊई या सद्गृहस्थांनी अंध मुलांची शाळा काढली व कागदावर उठावाची अक्षरे छापली. हेतू थोर, पण अक्षरे डोळसांचीच! ती चाचपून वाचण्यात फार वेळ जाई. त्याच शाळेत 1819 साली लुई ब्रेल आला. खोगीर-लगाम करणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. तीन वर्षांचा असताना वडिलांचेच हत्यार डोळ्यात लागून त्याची दृष्टी गेली होती. बार्बिये नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या बारा टिंबांच्या लिपीवरून त्याने 1824 त, पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी रचली. तिचे अक्षर एका बोटाखाली मावते. आपल्याकडे 1951 साली भारती ब्रेल आली, तिच्यात मराठीही लिहिता येते.

अक्षराचा प्रश्न असा सुटला. चित्राचा मात्र राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अल्सेस प्रांतातील अंधशाळेचे प्रमुख मार्टिन कुंझ यांनी प्राण्यांची चित्रे व नकाशे उठावात छापले. पुढे 1994 साली फ्रान्समध्ये दिजाँ शहराजवळ फिलिप क्लोदे या अंध मुलांच्या शिक्षकांनी अशी पुस्तके करणारी संस्थाच काढली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ 'स्वप्न पाहणारी बोटे'. तेथे कापड, दोरी, चामडे हातांनी चिकटवून पाने सजवतात.

यातले मर्म साधे आहे. डोळा सारे एकदम पाहतो, बोट मात्र थोडे थोडे. दूरची वस्तू लहान दिसते हे बोटाला ठाऊक नसते. म्हणून हाताला जे ओळखीचे, त्याचेच चित्र करावे.

मी हत्ती उसवला. नव्या पुस्तकात दाराची कडी, आईची बांगडी आणि आजीच्या लुगड्याचा तुकडा लावला. त्या पानावर पुतणीने गाल टेकवला व म्हणाली, "आजी निजलीय."

मैत्रिणींनो, आपल्या शिवणवर्गात चिंध्यांना तोटा नाही. अशी पुस्तके आपणही करू या. फक्त शिवून झाल्यावर डोळे मिटून एकदा पानावरून हात फिरवावा.