भिंतीवरचा चैत्र: येरमाळ्याचा चुना आणि आज्यांचं चैत्रांगण

आजचा भाग भिंतीचा आहे. म्हणजे चैत्र आला की आपल्या धाराशिव जिल्ह्यात भिंतीवर काय-काय चढायचं, ते कुणी चढवायचं, आणि आता ते काम ज्यांच्या हातात आहे ती माणसं कुठं बसलीत, याचा.

आधी एक गोष्ट बोलून टाकतो. मोबाईलवर 'वृद्धाश्रमासाठी वसंत ऋतूची सजावट' असं शोधलं की कागदाचे ट्यूलिप येतात, ससे येतात, रंगीत अंडी येतात. छान असतात. पण आपल्याकडच्या आजीनं आयुष्यात ट्यूलिप बघितलेलं नसतं. तिचा वसंत म्हणजे बालाघाटाच्या माळावर पेटलेला पळस, लिंबाचा बारीक पांढरा मोहर, आंब्याची कैरी आणि दुपारी बारानंतर बाहेर पडू नको असं सांगणारं ऊन. आपला वसंत कोवळा नसतो हो, तापलेला असतो. त्यामुळं आपली वसंताची सजावटही उन्हाशी जोडलेली आहे. तिचं पहिलं साहित्य फूल नाही. चुना आहे.

याचा सगळ्यात मोठा सोहळा आपल्याच जिल्ह्यात होतो, कळंब तालुक्यात, येरमाळ्याला. येडेश्वरी देवीची चैत्र पौर्णिमेची यात्रा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. पौर्णिमेनंतर देवीची पालखी डोंगरावरून खाली आमराईकडं निघते आणि वाटेत चुन्याचं रान लागतं. तिथं लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. म्हातारी, पोरं, नवी नवरी, सगळे. हा चुना देवीच्या देवळाला लावायचा, ही त्यामागची परंपरा. जरा विचार करा. एका माणसानं पोतंभर चुना विकत आणून दिला असता तरी काम झालं असतं. पण इथं भिंत पांढरी करायचं काम प्रत्येकाच्या वाट्याला चार-पाच खडे असं वाटून दिलंय. मला यात्रेतला हा भाग सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. त्यात पाणी टाकलं की तो फसफसून उकळतो आणि विरतो. तो भिंतीला लावला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि हळूहळू परत दगडासारखा घट्ट होतो. म्हणजे खड्याचा चुना झाला, आणि भिंतीवर जाऊन त्याचा पुन्हा खडा झाला. पांढरी भिंत ऊन परतवते, चुन्यात किडा-बुरशी टिकत नाही. घराघरात त्यात चिमूटभर नीळ टाकायचे, अंगाला लागू नये म्हणून डिंक कालवायचे आणि कुंचा फिरवायचे. खाली गेरूचा पट्टा. मग देवळीच्या कडेला, चौकटीच्या दोन्ही बाजूला बोटानं ठिपके, वेल, सूर्य-चंद्र. ही होती आपली वॉल डेकोरेशन.

मातीचं काम या भागाला तसंही जुनंच. तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जाऊन या, सातवाहनकाळातली भाजक्या मातीची खेळणी आणि मूर्ती बघा. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगर म्हणून जे शहर येतं, ते हेच तेर. तेराव्या-चौदाव्या शतकातले गोरोबाकाकाही याच गावचे, कुंभार, आणि त्यांची समाधीतिथीसुद्धा चैत्रातली, वद्य त्रयोदशीची. पाडव्याला ज्या शालिवाहन शकाचं वर्ष बदलतं, त्या शालिवाहनाची लोककथा तर अशी की तो कुंभाराच्या घरी वाढला आणि त्यानं मातीचे सैनिक करून जिवंत केले. इतिहासकार ही कथा इतिहास म्हणून घेत नाहीत. पण मातीला एवढा मान देणारं नवं वर्ष मला तरी आवडतं.

आता चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरी राहते. तेवढा महिनाभर अंगणात शेणानं सारवून रांगोळीनं चैत्रांगण काढायचं. मधे गौर, वर सूर्य-चंद्र, आजूबाजूला तुळशीवृंदावन, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्म, कासव, नाग, हत्ती, फणी, करंडा, आरसा. कैरीची डाळ, पन्हं आणि हळदीकुंकू. एका बाईच्या जगात जे-जे असतं ते सगळं एका चौकोनात. खरं सांगायचं तर हे सगळ्या घरांत नव्हतं. ठरावीक जातींच्या, बहुतेक वाड्यांतल्या घरांत होतं. चुना आणि गेरू मात्र वाड्यात होता, तसाच वस्तीवरही होता.

आणि मग १९९३. ३० सप्टेंबर, पहाटे चारच्या सुमाराला. रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूरचे औसा-निलंगा आणि आपला उमरगा-लोहारा हा पट्टा. सुमारे ८ हजार माणसं गेली. त्यांना मारलं कशानं? भिंतींनी. गोल दगड आणि मातीत रचलेल्या दोन-तीन फूट रुंद भिंती, वर माळवदाची फूट-दोन फूट माती. लाकडाचे खण बऱ्याच ठिकाणी उभे राहिले, भिंती कोसळल्या. ज्या भिंतीला आईनं दर वर्षी चुना दिला, तीच अंगावर आली. नंतर ५२ गावं नव्या जागी वसली. जमिनीच्या हिशोबानं २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. सिमेंटच्या पातळ भिंती, सरळ रस्ते, मजबूत काम. पण त्या घरांत देवळी नव्हती, आणि सारवायला मातीचं अंगणही बऱ्याच ठिकाणी उरलं नाही.

तेव्हा तिशी-चाळिशीत असलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, असं लिहिलंय. म्हणजे वृद्धाश्रम ही आता फक्त पुण्या-मुंबईची गोष्ट नाही. मागच्या चैत्रात आम्ही तिघं मित्र आपल्याच भागातल्या एका वृद्धाश्रमात भिंत सजवायला गेलो. नाव सांगत नाही, तिथल्या आज्यांनी तसं बजावलंय.

आम्ही रांगोळी घेऊन गेलो होतो. एक आजी म्हणाल्या, "लेकरा, खाली बसवत न्हाई आता. इथं वर आण की." तेव्हा जुनी प्लायवूडची फळी घेतली, तिला गेरू लावला, टेबलावर ठेवली आणि कानात घालायच्या काडीला कापूस गुंडाळून चुन्यात बुडवली. कापत्या हातालाही ती काडी धरता येते. शिवाय ओला चुना लावला तेव्हा फिका दिसतो आणि वाळला की पांढराफेक होतो. त्यामुळं काढणाऱ्याला वाटतं काहीच उमटलं नाही, आणि चहा पिऊन येईपर्यंत सगळं उमटलेलं असतं. याची मजा त्या सगळ्यांना माहीत होती, आम्हालाच नव्हती.

एका आजीला सकाळी काय खाल्लं ते आठवत नव्हतं. पण त्यांनी न थांबता कासव काढलं, मग गोपद्म, आणि ठिपके एकदाही चुकले नाहीत. हातात बसलेलं काम नावा-तारखांपेक्षा जास्त दिवस टिकतं, हे स्मृतिभ्रंशाचे डॉक्टरही सांगतात. आजोबा लोक आधी लांबून बघत होते. चुना पातळ झालाय म्हणून एकांना राहवलं नाही, आणि मग पुढचा सगळा चुना त्यांनीच कालवला. ते आयुष्यभर गवंडीकाम करत होते.

अडचण झाली ती गौरीपाशी. फळी भरली आणि मधली जागा मोकळी राहिली. कुणी हात लावेना. विचारलं तर सगळ्या गप्प. मग चुना कालवणारे आजोबा हळूच म्हणाले, "इथं सगळ्याच विधवा हायत बाबा." चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला विधवेला बोलवायचं नाही, ही रीत. म्हणजे ज्या बाईनं नवरा असताना वीस वर्षं चैत्रांगण काढलं, तिनं एका दिवसात ते सोडायचं. तिचं कासव, तिचा हत्ती, सगळं तिथंच थांबायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर गावांना हेरवाडसारखं करायला सांगितलं. मी ते मोबाईलवर वाचून दाखवलं. खरं तर त्या परिपत्रकाचा तिथं फारसा परिणाम झाला नाही. एक आजी म्हणाल्या, "कागद तिकडं काढलाय, इथं कोण मानतंय?"

त्यावर बरीच वादावादी झाली, ती मी रेकॉर्ड केली नाही. शेवटी लोहाऱ्याकडच्या एक आजी उठल्या. भूकंपात घरातली चार माणसं गेलेल्या. म्हणाल्या, "माझं समदं भिंतीखाली गेलं, तवा कुणी इचारलं न्हाई कुकू हाय का म्हणून. आण ती काडी." त्यांनी गौर काढली, झोपाळा काढला, आणि गौरीच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं. स्वतःला लावलं नाही. शेजारच्या आजीनं मात्र लावून घेतलं, आणि तिसरीनं तोंड फिरवलं.

फळी जेवणाच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीवर टांगली. दोन खिळे पुरत नव्हते, गवंडी आजोबांनी चार मारायला लावले आणि हलवून-हलवून बघितलं. अक्षय्य तृतीयेला गौर उतरवायची असते, म्हणून आम्ही फळी काढायला परत गेलो, तर आज्यांनी काढू दिली नाही. पावसाळ्यापर्यंत राहू दे म्हणाल्या. कैरीची डाळ मात्र संपली होती.