अंगणवाडी

अंगणवाडी म्हणजे मुलांच्या वस्तीतील अंगणात भरणारी बालवाडी. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणास आरंभ केला. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने व बिया मोजून, जुळवून आणि लहान-मोठ्या क्रमाने मांडून मुलांना संख्या व आकार यांची ओळख करून दिली जाई. अक्षर गिरवण्यापूर्वी हात आणि डोळा तयार व्हावा, हा त्यामागील विचार. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येत नसल्याने शिक्षिकाच पाड्यावर जाऊ लागल्या. पुढे कोसबाड हे या कार्याचे केंद्र झाले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांनाही अंगणवाडी म्हणतात; मात्र तेथील सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही केवळ एक होय.