आधी फिल्म ओळखा, मग स्कॅन करा!

माळ्यावरची जुनी ट्रंक उघडली की कधी कधी पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेल्या रंगीत स्लाइड्स हाती लागतात. प्रोजेक्टर केव्हाच बिघडलेला असतो. मग आपण त्या सगळ्या स्कॅन करायला देऊन मोकळे होतो. पण मंडळी, त्याआधी ही फिल्म कोणती, हे पाहायला हवे. कारण रंग उमटवण्याची रीत सगळ्या फिल्म्सची सारखी नव्हती.

कोडॅकची कोडाक्रोम १९३५ साली आली. तिचे जनक मॅन्स आणि गोडोव्स्की हे दोघेही संगीतकार! या फिल्ममध्ये मुळात रंगद्रव्य नसे. ते धुलाईच्या वेळी बाहेरून घातले जाई. म्हणून ती धुणे हे मोजक्याच प्रयोगशाळांचे काम होते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील शेवटच्या प्रयोगशाळेने २०१० च्या अखेरीस हे काम थांबवले.

जर्मनीत वोल्फेन येथे आगफाने १९३६ मध्ये दुसरी वाट धरली. रंग तयार करणारी द्रव्ये फिल्ममध्येच घातली. महायुद्धानंतर हा कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि १९६४ पासून त्याचा माल 'ओर्वो' नावाने विकला जाऊ लागला. ही ओर्वो आपल्याकडेही वापरली जाई.

तिसरी, क्वचित सापडणारी, ब्रिटनमध्ये बनलेली ड्यूफेकलर. भिंगाखाली तिच्यावर लाल रेघा आणि त्यांच्यामध्ये हिरवे-निळे बारीक चौकोन दिसतात. स्कॅन करताना या जाळीमुळे चित्रावर लाटांसारखी नक्षी उमटू शकते.

मग ओळखायचे कसे? फिल्मच्या काठावर बहुधा नाव छापलेले असते. कोडाक्रोम उजेडात तिरपी धरली, तर एका बाजूला चित्राचा उठाव कोरीव कामासारखा दिसतो.

हे सगळे कशासाठी? अनेक स्कॅनर अवरक्त किरणांनी धूळ शोधून पुसतात. बहुतेक रंगीत फिल्म्समधून हे किरण आरपार जातात, धुळीपाशी अडतात. कोडाक्रोममध्ये मात्र ते चित्रापाशीही अडतात. यंत्राला तीच धूळ वाटते आणि आजोबांच्या मिशीचे केसही पुसले जातात! तेव्हा दुकानदाराला ही सोय बंद ठेवायला सांगा.

आणखी एक. कोडाक्रोमचे रंग अंधारात दीर्घकाळ टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रखर उजेडात लवकर विटतात. म्हणून स्कॅन झाल्यावरही मूळ स्लाइड फेकू नका. कोरड्या, थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. उद्या अधिक चांगले यंत्र येईल. आजोबांची ती स्लाइड मात्र एकच आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)