पेनड्राइव्ह काढून घेतल्यावर

मुमताज महल जून १६३१मध्ये बऱ्हाणपुरात वारली. तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात तिचं दफन झालं आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. मुक्काम जेमतेम सहा महिन्यांचा. तरी जैनाबादचं नाव निघालं की तो आठवतोच. संगणकावर घटकाभर येऊन गेलेल्या सॉफ्टवेअरचा माग काढणारी विद्याही अशाच तात्पुरत्या मुक्कामांची आहे.

पेनड्राइव्हवरून चालणारा प्रोग्राम इन्स्टॉल करावा लागत नाही, म्हणून तो मागे काही ठेवत नाही, असा समज आहे. पण मागे राहणाऱ्या नोंदी बहुतेक वेळा प्रोग्राम करत नाही, विंडोज करतं. पेनड्राइव्ह लावताच रजिस्ट्रीत 'यूएसबीस्टोर'खाली त्याची कंपनी, मॉडेल आणि अनुक्रमांक नोंदला जातो. प्रोग्राम चालला की 'प्रीफेच' फाइल तयार होते. तिचा हेतू प्रोग्राम पुढच्या वेळी लवकर उघडावा एवढाच. पण तिच्यात प्रोग्रामचं नाव, तो किती वेळा चालला, विंडोज ८पासून शेवटच्या आठ वेळा, आणि तो ज्या ड्राइव्हवरून चालला त्याचा व्हॉल्यूम क्रमांकही सापडतो. पेनड्राइव्ह कुणाच्या तरी खिशात गेलेला असतो, हे सगळं संगणकातच असतं.

मात्र इथेच नवशिका घाई करतो. यूएसबीस्टोरमधल्या अनुक्रमांकाचं दुसरं अक्षर 'अँड'चं चिन्ह असेल, तर तो क्रमांक पेनड्राइव्हचा नसून विंडोजने स्वतः दिलेला असतो. त्यावरून दोन संगणकांवरचा पेनड्राइव्ह एकच, असं म्हणता येत नाही. प्रीफेच बंदही असू शकतं, म्हणून फाइल नाही याचा अर्थ प्रोग्राम चालला नाही असा होत नाही. आणि नोंद फार तर खात्याचं नाव सांगते. खुर्चीत कोण बसलं होतं, ते नाही. माझ्या मते या विद्येचा खरा कस या संयमातच लागतो.

सापडलेलं कोर्टात टिकवणं ही वेगळीच कसोटी. जालना विधानसभेच्या २०१४च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाद होता उमेदवारी अर्जांच्या वेळच्या चित्रीकरणाचा. मूळ उपकरण कोर्टापुढे नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब-चं प्रमाणपत्र हवंच, असं न्यायालयाने जुलै २०२०मध्ये ठरवलं. आता ती तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये आहे.

सुरुवात स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्याच पेनड्राइव्हने करा. दुसऱ्याच्या यंत्राला लेखी परवानगीशिवाय हात लावू नका.