जात्याजवळचे मूल

पिठाच्या गिरण्या गावोगावी होण्यापूर्वी मराठी घराचा दिवस जात्याच्या घरघरीने उजाडत असे, आणि आईच्या मांडीवर डोके ठेवून त्या घरघरीत आपली उरलेली झोप न पुरविलेले मूल त्या काळी विरळाच सापडले असते. लागेल तेवढेच पीठ रोज दळावयाचे हा शिरस्ता केवळ वेळेच्या किंवा पैशाच्या ओढाताणीतून आलेला नव्हता; बाजरीचे पीठ तिच्यातील स्निग्धांशामुळे थोड्याच दिवसांत कडू होते, हे ज्ञान गृहिणीला कोणत्याही ग्रंथावाचून जिभेनेच झालेले होते. मूल चार-पाच वर्षांचे झाले म्हणजे त्याचा हात आईच्या हाताशेजारी खुंट्याला लागे. बळ अर्थातच आईचे. परंतु जात्याच्या तोंडात मूठमूठ धान्य वैरण्याचे काम पुढे मुलाकडे येई, आणि घाईने मोठी मूठ टाकली की पीठ जाडेभरडे पडते, हा धडा त्याला कोणी सांगण्यापूर्वीच जाते सांगे. जात्याचा दगड झिजून गुळगुळीत झाला की टाकी लावणारा कारागीर दारी येई, आणि छिन्नीच्या घावांनी दगडावर नव्याने खाचा उमटताना पाहण्यासाठी आळीतील पोरे त्याच्याभोवती जमत.

दळणाखेरीज कितीतरी कामांत मुलांचा असा वाटा ठरलेला होता. धान्य निवडताना खडा बाजूला काढावयास कोवळी नजर उपयोगी पडे. पाखडलेल्या धान्यावर येणाऱ्या कोंबड्या हाकलावयास कोवळे पाय उपयोगी पडत. कोकणात कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून, मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून सोलावयाचे असत, आणि चिमटीत दाबताच टरफलातून सुळकन निसटणारी डाळिंबी पकडणे हा लहान बोटांचाच प्रांत होता. उन्हाळ्यात गव्हाच्या चिकाच्या कुरडया अंगणात वाळत पडल्या म्हणजे कावळ्यांवर पहारा मुलांचा, आणि त्या पहाऱ्याचे वेतन म्हणून वाटीभर गरम चीक व पापडाच्या दोन लाट्या त्यांना हक्काने मिळत. गोकुळाष्टमीच्या काल्यात लाह्या, पोहे, दही आणि लोणचे मुलांनी कालवावे, आणि ज्याने कालविले त्यानेच वाटावे, ही रीतही याच जातीची. पदार्थ कशाचा होतो, हे या मुलांना विचारावे लागत नसे. जेवणापूर्वीच तो त्यांच्या हातांतून गेलेला असे.

या चित्रावर सोनेरी मुलामा चढविण्याची माझी इच्छा नाही. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये जात्यावरच्या ज्या ओव्या संगृहीत केल्या, त्यांच्यामागे कितीतरी बायकांचे दुखणारे खांदे आणि माहेरच्या आठवणी आहेत. शिवाय मुलगा जरा मोठा झाला की तो या पाठशाळेतून सुटे आणि मुलगी मात्र तेथेच अडकून राही. गिरणी आली तेव्हा तिच्या दारी पिठाचे डबे घेऊन उभ्या राहिलेल्या स्त्रियांना सुटल्यासारखे वाटले, त्यात त्यांची काहीच चूक नव्हती. ज्वारी-बाजरीची गिरणीतून आणलेली पिठेही कोंड्यासकटच असत. खरा घात झाला तो तांदळाचा. उखळात हाताने सडलेल्या तांदळावर कोंड्याचा तांबूस थर बराचसा शिल्लक राही. यंत्राने तो खरवडून टाकला, आणि पांढरेपणा ही प्रतिष्ठेची खूण होऊन बसली. त्या प्रतिष्ठेची किंमत जावा बेटात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उघडकीस आली. आइकमन या डच वैद्याने तेथे पाहिले, की पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडायुक्त तांदूळ देताच त्या पुन्हा चालू लागतात. माणसांना होणाऱ्या बेरीबेरी या रोगाचे मूळ असे धान्यावरच्या त्या टाकून दिलेल्या सालीत सापडले. मला या इतिहासात महत्त्वाचे वाटते ते हे, की कोंडा आणि मूल ही दोन्ही स्वयंपाकघरातून साधारण एकाच काळात बाहेर पडली.

त्यांना परत आणण्याचा एक विचारपूर्वक प्रयत्न घडला तो दूर जोहान्सबर्गमध्ये. गांधीजींनी आत्मकथेत नमूद केले आहे, की तेथील घरात त्यांनी सात पौंड देऊन एक हातचक्की घेतली. तिचे लोखंडी चाक एकट्याला जड जाई, म्हणून स्वतः ते, त्यांचे मित्र पोलक आणि घरातील मुले मिळून ती फिरवीत, आणि त्या न चाळलेल्या पिठाची भाकरी घरीच भाजली जाई. पुढे डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, गांधीजींचे सहकारी कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा कारभार सुरू झाला. ऑक्टोबर १९३७ च्या वर्धा परिषदेतून हातच्या कामातून शिक्षण देणारी नई तालीम निघाली आणि कोंड्यापाठोपाठ मूलही परतले: सेवाग्रामच्या शाळेत सामुदायिक स्वयंपाकाचे काम मुले पाळीपाळीने करीत, भाजी स्वतः पिकवीत, आणि शिध्याचा जमाखर्च मांडता मांडता गणित शिकत. तेथे मुलगेही चुलीपाशी बसत. घरगुती जात्याने जे कधी साधले नव्हते, ते या शाळेने साधले, असे मी मानतो.

आमच्या घरचे जाते कित्येक वर्षे मागीलदारी तुळशीच्या पायाशी पडून होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ते धुऊन, उन्हात वाळवून आम्ही पडवीत मांडले आणि मेतकुटासाठी डाळी, तांदूळ व गहू खमंग भाजून घेतले. सहा वर्षांच्या नातीने मोठ्या उत्साहाने मूठ भरभरून वैरली. पीठ जाडेभरडे पडले. तिने ते बोटांत चोळून पाहिले, काही न बोलता पुन्हा गोळा केले, आणि या खेपेस चिमूटचिमूट वैरू लागली.