कोवलमच्या पश्चिमेला

चेन्नईजवळचं कोवलम म्हणजे इंग्रजांच्या कागदोपत्री ‘कोव्हलाँग’. 1752 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या रॉबर्ट क्लाइव्हने इथला किल्ला घेतला. आज त्या जागी पंचतारांकित हॉटेल आहे. खाडीपलीकडे पश्चिमेला, काही किलोमीटरवरच्या सिरुसेरीत, सिपकॉट या तमिळनाडू सरकारच्या औद्योगिक महामंडळाचं आयटी पार्क उभं राहिलं. टीसीएससारख्या बड्या कंपन्यांच्या या वस्तीत 2005 साली एक विक्षिप्तच शेजारी राहायला आला: चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट.

संस्थापक सी. एस. शेषाद्री मूळचे कांचीपुरमचे, पण गणितज्ञ म्हणून घडले ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर). 1989 मध्ये एसपीआयसी या खत कंपनीच्या विज्ञान प्रतिष्ठानाच्या आश्रयाने त्यांनी गणिताची शाळा काढली; तीच पुढे ही संस्था झाली. 1998 पासून गणित आणि संगणकशास्त्राची पदवी सुरू झाली, पुढे एमएस्सीही. गंमत म्हणजे वर्ग चेन्नईत आणि पदवीच्या कागदावर नाव भोपाळच्या भोज मुक्त विद्यापीठाचं! अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला थेट 2006 मध्ये.

तरीही मुलं येत राहिली. का? फळ्यापाशी उभा असलेला माणूस स्वतः संशोधन करतो, हे मोठं आकर्षण. प्रवेश संस्थेच्या स्वतःच्या परीक्षेतून. अल्गोरिदम, तर्कशास्त्र, ऑटोमाटा हे विषय मुळापासून, सिद्धतेसकट शिकायचे. शिवाय पॅरिसच्या एकोल नॉर्माल या उच्चशिक्षण संस्थेशी विद्यार्थ्यांची देवाणघेवाण, म्हणजे हुशार मुलांना परदेशी संशोधनाची चव लवकर मिळे. नोकरीचा विचार कुणी करत नव्हतं असं मुळीच नाही. कंपन्या तर हाकेच्या अंतरावर होत्या. संस्थेनेही नंतर डेटा सायन्सची एमएस्सी सुरू केलीच.